वाघखारच्या बांधावरची खाट

वाघखारच्या गावकऱ्यांनो आणि ठाण्याच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बंधुभगिनींनो,

तुम्ही एकमेकांच्या ओसरीवर बसत नाही, पण माझ्याबद्दल तुमची तक्रार एकच आहे: हा माणूस आमचा आहे आणि तरी पुरता आमचा नाही. मंडळी म्हणते, शमुवेल मास्तर आमचे, पण उभा जन्म त्या खाऱ्या गावाला चिकटून राहिले आणि उपासनेला चिखलाच्या पायांनी आले. गाव म्हणते, गोविंदा आमचा, पण बांधावर नारळ फुटताना पाठ फिरवून उभा राहिला. आज मी वाटण्या करायला बसलो आहे, तेव्हा माझी स्वतःचीही वाटणी करून टाकतो.

मी, शमुवेल काळुराम मढवी, जन्मनाव गोविंदा, वय अठ्ठावन्न, धर्माने ख्रिस्ती, पेशाने निवृत्त शिक्षक आणि सुवार्तेचा प्रचारक, राहणार मौजे वाघखार, दिवा गावाजवळ, खाडीकाठी, तालुका ठाणे, हे माझे अखेरचे इच्छापत्र लिहून ठेवतो. याआधी मी असा कागद केलेला नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. कंबरेखालचे शरीर ठिकाणावर नाही, पण मृत्युपत्राला कायदा पाय मागत नाही.

अशा कागदात यापुढे "कोणाच्याही दडपणाशिवाय" असे लिहितात. ते मी लिहीत नाही, कारण ते खोटे होईल. माझ्यावर दडपण आहे. ते शत्रूचे असते तर मी त्याच्याशी भांडलो असतो. भांडण मला येते. हे दडपण प्रेमाचे आहे आणि ते दोन्ही बाजूंनी आहे. त्यामुळे मला कूस बदलायलाही जागा उरलेली नाही.

कलम पहिले. हा कागद माझ्या मरणानंतर वाचायचा नाही. येत्या रविवारी, १७ एप्रिल रोजी सकाळी, माझ्या घरासमोर बांधावर, माझ्या देखत वाचायचा. वाचन माझा पुतण्या मारुती करील. तो ठाण्याच्या गिरणीच्या कचेरीत कामाला आहे, सही-शिक्क्याचे कागद वाचून त्याची जीभ सरावली आहे. मारुती, घाईघाईने वाचू नकोस. आणि जिथे तुझे नाव येईल तिथे खोकून पुढे जाऊ नकोस.

मृत्युपत्र जिवंतपणी का, असे कोणी विचारील. मी तीस वर्षे भाषणे केली. भाषणाला कोणी आले नाही, आले ते थांबले नाहीत, थांबले त्यांनी ऐकले नाही. वाटणीला मात्र सगळे येतात आणि शेवटच्या ओळीपर्यंत गप्प बसतात. म्हणून माझे हे शेवटचे भाषण मी वाटणीच्या कागदावर लिहिले आहे. आता आलाच आहात तर बसा.

कलम दुसरे, पुस्तके. माझ्याकडची इतिहासाची, व्याकरणाची आणि संतवाङ्मयाची पुस्तके मी जिथे शिकवले त्या शाळेला द्यावीत. संतांची पुस्तके ख्रिस्ती शाळेत कशाला, असे मंडळीच्या पंचांपैकी एकाने मला पूर्वी विचारले होते. त्याला तेव्हा दिलेले उत्तरच आज देतो: तुम्ही ती वाचली नाहीत म्हणून. कायद्याचे एक पुस्तक बांधाचे कारभारी दामाजी भोईर यांनी माझ्याकडून नेले आणि परत केले नाही. ते त्यांनाच ठेवू दिले असते, पण ते या कागदाचे साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. तेव्हा पुस्तक परत पाठवावे. हा नियम त्याच पुस्तकात आहे.

कलम तिसरे. माझे फावडे आणि पाट्या मंडळीच्या तरुण संघाला. त्या कशासाठी, ते पुढे येईल.

कलम चौथे, घर. यासाठी थोडे मागे जावे लागेल. गावाला हे ठाऊक आहे, पण मंडळीतल्यांना नाही, आणि गावालाही ठाऊक असलेले विसरायची सवय लागली आहे.

वाघखार खाडीपेक्षा सखल आहे. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये फक्त मातीचा बांध आहे. बांधात एक दार असते, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला ते उघडून शेतातले पाणी बाहेर सोडायचे, भरतीला लावून खाडीचे पाणी बाहेर ठेवायचे. खारे पाणी एकदा शेतात शिरले की पुढची काही वर्षे भात होत नाही. म्हणून दर शिमग्यानंतर घरटी एक माणूस बांधावर येतो, खेकड्यांची बिळे बुजवतो, खचलेल्या जागी चिखलाच्या पाट्या टाकतो. याला पाळी म्हणतात. पाळीच्या पहिल्या दिवशी बांधाच्या राखणदार देवाला नारळ आणि कोंबडा, मग काम.

मी आगऱ्याचा मुलगा. ठाण्याला शिकायला गेलो आणि एकविसाव्या वर्षी बाप्तिस्मा घेऊन आलो. माझ्या वडिलांनी, काळुराम मढवींनी, तोंडात शिवी आणली नाही. ते एवढेच म्हणाले, "कंच्या पान्यात बुरवला तुला?" मी म्हणालो, खाडीच्या. ते म्हणाले, "मंग आपलंच पानी हाय. वालंल." ते वाळले नाही. वडिलांनी वाटणीत मला उघाडीलगतचा तुकडा दिला, जिथे भात पिकत नाही आणि भिंतीला मीठ फुटते. भावकीला वाटले, ही शिक्षा. मलाही बरीच वर्षे तसेच वाटले. तिथे मी घर बांधले. त्या घराला सागाचे दार बसवले, माझी पत्नी एस्तेर हिच्या माहेरून आलेले. एस्तेर सात वर्षांपूर्वी गेली. आम्हाला मूल नाही.

पहिल्याच शिमग्याला मी पाळीला गेलो. सांगितले, काम दोन माणसांचे करीन, नारळाच्या वेळी बाजूला उभा राहीन. गावाने सांगितले, नारळ नाही तर पाळी नाही. माझ्या हातातले फावडे काढून घेतले, तेव्हा मी तोंडाचे चालवू लागलो. ठाण्याच्या तलावाकाठी बोललो, खोपटच्या नाक्यावर बोललो, कल्याणच्या जत्रेत बोललो. रोमच्या बादशहांपासून आपल्या संतांपर्यंत सगळे एका दमात. लोक म्हणत, वाणी असावी तर अशी. गावात बोलायला उभा राहिलो की दामाजी आपल्या अंगणातून ओरडत, "गोविंदा, जरा हलू बोल रं, कोंबऱ्या अंड्यावर बसत नाय." साऱ्या गावाला हसू येई. मलाही येई, पण मी ते दाखवत नसे.

मग बावन्न सालची नारळी पौर्णिमा. गावातले पुरुष वाजतगाजत खाडीच्या मुखाशी गेले होते. मी गेलो नव्हतो कारण मी जात नसे. यात पराक्रम शोधू नका, मी घरी होतो एवढेच. भर दुपारी उधाणाची भरती होती. उघाडीची फळी दुभंगली तो आवाज मला घरात ऐकू आला. पाणी आत येत होते आणि मातीची कड ओढून नेत होते. मी घराचे दार चौकटीतून काढले, ओढत नेले, उघाडीच्या तोंडात बसवले आणि पाठ लावून उभा राहिलो. प्रार्थना केली का, असे मला मंडळीतले लोक विचारतात. केली असेल. मला आठवते ते हे की मी मोठ्याने शिव्या देत होतो, आणि त्या आगरी होत्या. ओहोटी लागण्याच्या सुमारास उघाडीवरची तुळई निसटून माझ्या कंबरेवर आली. शेते वाचली. दामाजींनी मला बाहेर काढले. ते रडत होते आणि मला वेड्यात काढत म्हणत होते, "अरे येऱ्या, अरे येऱ्या."

तेव्हापासून मी खाटेवर आहे.

घर मी माझी पुतसून गोदा मारुती मढवी हिला देतो. मारुतीला नाही, गोदाला. तीन वर्षे तिने मला जेवू घातले, उचलून बसवले, माझी घाण काढली. मी गावाचा देव झालो त्या दिवशीही ती मला म्हणाली होती, "काका, देव जालाव तरी भाकर चावूनशीच खावी लागंल. नीट खा, गोधरीवर सांडू नका." या घरात तिने बोंबील सुकवावेत, शेळ्या बांधाव्यात, पोरांनी धिंगाणा घालावा. अट एकच. इथे दिवा लावून, फुले वाहून कोणी बसता कामा नये, आणि मेणबत्ती लावूनही नाही. हे माणसांचे घर आहे.

कलम पाचवे, पाय. पाय कोणाला देता येत नाहीत हे मला कळते. तरी ते कलमात घालणे भाग आहे, कारण त्यांच्यावर हक्क सांगणारे पुष्कळ आहेत.

मी इस्पितळातून परत आलो त्या आठवड्यात ठमाबाई आली. गावात तिच्याएवढे वय कोणाचे नाही. माझ्या आईची मैत्रीण, मला नागडे पाहिलेली बाई. तिने माझ्या पायांवर डोके ठेवले. मी ओरडलो, "ठमाआई, उठ! हे मला चालत नाही!" ती म्हणाली, "तुला चालंत नाय, मना चालतं. माजं भात हुभं हाय." तिच्याजवळ उपकार बोलायला दुसरी भाषा नव्हती, आणि तिची ती भाषा मी कधी खोटी म्हणणार नाही. पण तिच्यामागून सारे गाव आले. सणाला येतात, लग्न ठरले की येतात, नवे होडके पाण्यात सोडायच्या आधी येतात. घराचे दार उघाडीत गेले होते, ते बाहेर काढून भिंतीला टेकवले आहे. चौकट उघडीच आहे, पोत्याचा पडदा लावला आहे. कोणीही येतो. खाट अशी ठेवली आहे की पाय चौकटीकडे येतात. लोक पाय धरतात आणि मला पाय ओढून घेता येत नाहीत. मला ते कळतसुद्धा नाही, बघावे लागते. ज्यांनी तीस वर्षे माझे ऐकले नाही त्यांनी आता माझे पाय धरले आहेत, आणि ते अजूनही ऐकत नाहीत.

दाराला त्यांनी शेंदूर लावला आहे. मला राखणदार म्हणतात. मी त्यांना शांतपणे सांगितले, रागाने सांगितले, इतिहासाचे दाखले देऊन सांगितले की मी माणूस आहे आणि मी ज्याचा सेवक आहे त्याचे नाव येशू ख्रिस्त आहे. ते माना डोलावतात. "व्हय मास्तर, तो बी मोठाच असल," म्हणतात आणि नारळ ठेवून जातात. मला वाटत असे की माझ्या जगण्यातून त्यांना माझा प्रभू दिसावा. आज मीच त्याच्यापुढे आडवा पडलो आहे, आणि माझ्यापलीकडे कोणाला काही दिसत नाही.

एवढ्यानेही मी गप्प बसलो असतो. माझ्या मानापमानाचा प्रश्न असता तर मी गेलेल्या एस्तेरशी मनात बोलून तो गिळला असता. पण बांधाचा प्रश्न आहे. उधाणानंतरच्या पहिल्या शिमग्याला पाळीला निम्मी घरे आली. दुसऱ्या वर्षी दामाजी आणि आणखी दोघे. यंदा कोणीही आले नाही. शिमगा होऊन महिना उलटला. उघाडीत अजून पोती आणि वासे कोंबलेले आहेत, तात्पुरते म्हणून घातलेले. का? तर गोविंदा आहे ना बांधावर. ज्या हाताने मला फावडे धरू दिले नाही, त्याच हाताने गावाने स्वतःचे फावडे खाली ठेवले, आणि ते माझ्या नावाने.

माझ्या खाटेशेजारी खिडकी आहे. दिवस उजाडला की मला बांध दिसतो. बिळे दिसतात. आतल्या अंगाला ओल धरलेला पट्टा दिसतो, तो रोज थोडा रुंद होतो. मी हाका मारतो. लोक येतात, मी बोटाने दाखवतो. ते म्हणतात, "तुमी बगताव ना, मंग जालं." आषाढात पाणी येईल तेव्हाही मी बघतच असेन. भात मरेल, आणि पाणी सखल घरांत शिरले तर दिवसभर माझ्या खाटेभोवती खेळणारी गोदाची पोरे कुठे पळतील ते मला सांगता येत नाही. आणि मी खाटेवर पडून हे सगळे पाहीन, पायाशी नारळांची रास.

कलम सहावे. मंडळीतले बंधू इथपर्यंत गालात हसत असतील. आता तुमचे कलम.

पाळक रेव्हरंड निकोदिम साळवे यांनी माझी हकीगत छापली. तिच्यात आगरी शिव्या नाहीत. पाहुणे येऊ लागले. काल पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, उपासना झाल्यावर पुण्याहून आलेली मंडळी घेऊन ते इथे आले. त्यांना खाट दाखवली, दार दाखवले, मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "पाहा, एक ख्रिस्ती माणूस साऱ्या गावावर कसा प्रभाव पाडतो." पाहुण्यांचे डोळे भरून आले. त्यांच्यातल्या एका बाईंनी माझ्या खाटेचा खूर पदराने पुसून घेतला. ठमाबाई बाहेर बसली होती. तिने ते पाहिले आणि समाधानाने मान हलवली.

मी साळवेसाहेबांना बाजूला बोलावले. बाजूला म्हणजे माझ्या उशाशी. म्हणालो, "साहेब, बांध खचतो आहे. मंडळीतले दहा तरुण पाठवा, एक दिवस."

ते म्हणाले, "मास्तर, तुमचे उदाहरण आहे तोवर आम्हाला काय कमी?"

"मग निदान मला इथून हलवा."

"तुमची जागा इथेच. तुम्ही इथून साक्ष देता."

"मी साक्ष देत नाही साहेब, मी पडून आहे."

"पडून राहणे हीदेखील साक्षच."

"मग तुम्ही या, माझ्याशेजारी पडा."

ते प्रेमाने हसले. माझ्या कपाळावर हात ठेवला. माझा राग कोणी मनावर घेत नाही, हीही माझ्या चांगुलपणाची शिक्षाच.

बंधुभगिनींनो, तुम्हाला मूर्ती चालत नाही. मग माझी का चालते? पूर्वी तुमच्यापैकी काही जण दर रविवारी रेल्वेच्या हमालांच्या वस्तीत शिकवायला जात, दोन बहिणी इस्पितळात जात. आता विचारले की सांगता, आपल्या मंडळीचे काम वाघखारला चालू आहे. वाघखारला कोणते काम चालू आहे? एक म्हातारा हगतो, आणि एक आगऱ्याची सून ते काढते. गावाने फावडे ठेवले, तुम्ही पाटी ठेवली. फरक शेंदराचाच आहे.

या गावात माझ्यामुळे किती जण ख्रिस्ती झाले, असे पाहुणे विचारतात. एकही नाही. पण एक गोष्ट मी खिडकीतून पाहतो, ती सांगतो. गोदा रोज सकाळी माझे आटोपले की खाडीकडच्या बाजूने एक पाटी चिखल आणते आणि ओल आलेल्या पट्ट्यावर थापते. मग हात धुऊन स्वयंपाकाला जाते. मी तिला कधी उपदेश केला नाही. एकदा विचारले, "का गं?" तर म्हणाली, "मंग काय करू? तुमी वरडताव. आन् पानी मना बी दिसतं." ती बांधाच्या राखणदाराला हात जोडते आणि पाटी टाकते. मी तिच्या पाटीला आमेन म्हणतो. माझ्या जगण्याचा कोणावर काही परिणाम झाला असेल तर तो रोजची एक पाटी एवढा आहे. तो माझ्या भाषणांपेक्षा जड आहे, पण भरती अडवायला पुरेसा नाही.

कलम सातवे, दार. ज्याच्यासाठी तुम्ही सगळे आलात ते हे.

दार दोघांनी मागितले आहे. दामाजींनी गावाच्या वतीने: बांधावर छोटे देऊळ, त्यात दार. साळवेसाहेबांनी मंडळीच्या वतीने: प्रार्थनामंदिराच्या भिंतीवर दार, खाली संगमरवरी पाटी, पाटीवर माझे नाव. दोघांनी एकमेकांविरुद्ध माझे कान भरले. दोघांनीही मला सांगितले की दुसरा तुमचा अर्थ चुकीचा लावतो आहे. दोघांचेही बरोबर होते.

म्हणून या कागदाचे साक्षीदार मी त्याच दोघांना केले आहे. हे वाचले जाईल तोवर मजकूर न वाचता दोघांनी सह्या केलेल्या असतील, कारण प्रत्येकाला वाटते की दार आपल्याकडे येत आहे. कायद्याची बंदी साक्षीदारापुरती आहे, त्याच्या गावाला किंवा मंडळीला ती लागत नाही, हे मला ठाऊक आहे. पण आज सर्वांसमोर या सहीनंतर तोंड उघडून दार मागायला दोघांनाही जड जावे, एवढे मला पुरे.

दार कोणालाही नाही. दार सुताराकडून कापून उघाडीची फळी करावी आणि पोती-वासे काढून तिथे बसवावी. साग आहे, टिकेल. दिवसातून दोनदा ते खाडीत बुडेल. त्याच्यावर शेंदूर राहणार नाही, फुले राहणार नाहीत, पाटी ठोकता येणार नाही. एस्तेरच्या बापाने ते दार वारा-पाणी बाहेर ठेवायला दिले होते. त्याला त्याच्या कामावर पाठवा.

माझे प्रेत ठाण्याला, एस्तेरशेजारी. वर दगड नको. बांधावर माझे केससुद्धा पुरायचे नाहीत.

कलम आठवे आणि शेवटचे, खाट.

खाट मी कोणाला देत नाही. ती मला लागते आहे. पण ती जिथे आहे तिथे मला मरायचे नाही, आणि त्याहून, तिथे मला जगायचे नाही. मारुतीचे घर वरच्या आळीला आहे. तिथे जायला मी पहिला पावसाळा संपल्यापासून मागे लागलो आहे. मारुती म्हणतो, "काका, मी नेतो, पन गाव मना उभा करनार नाय." मी दामाजींना बोलावले. आमचे बोलणे जसेच्या तसे लिहितो.

मी म्हणालो, "दामाजी, मला हलवा."

"आरं गोविंदा, राखनदार कंदी बांध सोरतं का? तू हललास का बांध हललं."

"बांध हलतोच आहे. मी राखणदार नाही. मी मास्तर आहे."

"मास्तर व्हतास तवा कोन ऐकत व्हता तुजा?"

भल्याभल्या वक्त्यांना मी व्यासपीठावर गप्प केले होते. त्या दिवशी गप्प होण्याची पाळी माझी होती. बांधाची पाळी मात्र मला कधी मिळाली नाही.

गाव मला हलवत नाही कारण मी इथे असलो तर बांध टिकेल. मंडळी मला हलवत नाही कारण मी इथे असलो तर दाखवता येईल. गोदाने एकदा खाटेचा एक पाय उचलून पाहिला. खाटेला चार पाय असतात.

आता उत्तर सुचले आहे, ते देतो. दामाजी, राखणदार बांध सोडतो. आज सोडतो आहे. बांधाला आता राखणदार नाही. बिळे तेवढीच आहेत, ओल तेवढीच आहे, आषाढ तेवढ्याच अंतरावर आहे. साळवेसाहेब, तुमचे उदाहरणही निघाले. त्याच्या जागी फावडे आणि पाट्या ठेवल्या आहेत, कलम तिसरे पाहा. पाळीच्या दिवशी नारळ कोणी फोडायचा आणि कोणी बाजूला उभे राहायचे, ते तुम्ही बांधावर उभे राहून ठरवा. मला त्या वेळी बाजूला उभे राहू दिले असते तर मी आयुष्यभर पाट्या वाहिल्या असत्या. ख्रिस्ती माणसाचे सांगणे याहून फार मोठे नसते. केलेले काम, ते कोणी केले हे बघत बसण्यासाठी नसते.

मारुती, इथे थांब. कागद गोदाकडे दे आणि लोकांकडे बघ.

मेल्यावर प्रत्येकाला चौघे मिळतात. न बोलावता येतात, खांदा देतात, मागून पुष्कळ गोड बोलतात. मला ते चौघे आत्ता हवे आहेत. गावातले दोन, मंडळीतले दोन. दामाजी, तुमचा गुडघा दुखतो हे मला ठाऊक आहे, तरी एक तुम्हीच. साळवेसाहेब, झगा काढून ठेवा. उरलेले दोघे कोण, ते तुम्ही ठरवा, पण ऊन चढायच्या आत ठरवा. पाया पडू नका. प्रार्थना नंतर करा.

खाट उचला.

ठिकाण: वाघखार
दिनांक: ११ एप्रिल १९५५, सोमवार

सही: शमुवेल काळुराम मढवी
(जन्मनाव गोविंदा)

वर सही करणाऱ्याने आम्हा दोघांच्या समक्ष शुद्धीवर असताना सही केली. तिच्या खाली आम्ही त्याच्या समक्ष सह्या केल्या. मजकूर आम्ही वाचलेला नाही.

१. दामाजी भोईर, वाघखार, बांधाचे कारभारी
२. रेव्ह. निकोदिम साळवे, पाळक, ठाणे